असगोलकरांची अर्धी बोट

समुद्राकडून जयगडच्या खाडीत शिरलं, की उजव्या हाताला माडांच्या आड निळ्या पत्र्यांची एक लांब शेड दिसते. फायबरच्या बोटींची कामं तिथे होतात. शेड फारुक मुकादमांची, पण बोट घेऊन येणारा माणूस काठावरूनच ओरडतो, “अक्षया हाय का?”

अक्षया डोर्लेकर पस्तिशीची. उंच, अंगाने बारीक, डोक्याला कायम सुती रुमाल. बोलणं तुटक. बोटीच्या अंगावरून हात फिरवताना ती तळहात वापरत नाही, हाताची उलटी बाजू वापरते. तळहाताला घट्टे पडलेत, बारीक खरखर त्याला कळत नाही, असं तिचं म्हणणं. तिने हात लावलेली जुनी बोट उन्हात अशी लखलखते की मालकालाही आपली ओळखू येत नाही. कामाचं कौतुक सगळेच करतात. तिच्या रागाविषयी मात्र लोक आवाज उतरवून बोलतात. तो राग समजून घ्यायचा तर तिच्या साखरपुड्यापर्यंत मागे जावं लागेल.

तिचे वडील केरू डोर्लेकर जन्मभर फायबरच्या होड्या बांधत आले. साच्यात आधी जेलकोटचा थर मारायचा, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, तिच्यावर रेझिन, परत मॅट. होडी साच्यातून निघाली की तिच्या कडा घासायच्या. त्या घासण्यात काचेची धूळ उडते. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगाला लागली की मुंग्या चावल्यासारखी खाज सुटते. डोर्लेकरांच्या घरात याचं कोणाला काही वाटत नव्हतं. केरू कामावरून आले की आधी विहिरीवर जायचे, गार पाणी अंगावर घ्यायचे, कपडे तिथेच पिळायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे.

अक्षयाचं बी.कॉम. झालं, जयगडच्या पतपेढीत नोकरी लागली, आणि गुहागरच्या विनीत असगोलकरचं स्थळ आलं. त्याच्या वडिलांच्या मासेमारीच्या बोटी होत्या, किनाऱ्यावर लॉज बांधायचं चाललं होतं. मुलगा हसतमुख होता. लग्न ठरल्यावर काही ना काही निमित्त काढून तो तवसाळहून फेरीबोटीने जयगडला यायचा. एकदा शेडमध्येही आला. केरूंनी त्याला साचा दाखवला, जेलकोट म्हणजे काय ते सांगितलं. कड घासताना तो जवळ उभा राहिला आणि मग संध्याकाळभर मनगट खाजवत बसला. अक्षयाला त्याचं फार हसू आलं होतं. तोही हसला होता.

साखरपुडा डोर्लेकरांच्या अंगणात झाला. एका होडीचं काम अडलं होतं म्हणून केरू आदल्या संध्याकाळपर्यंत शेडमध्येच होते. विहिणीसाठी आणलेली साडी त्यांनी बाजारातून येताना कामाच्या पिशवीत टाकली होती, ती तशीच पुढे आली. व्याहीभेट झाली, ओटी भरली गेली, विनीतच्या आईने, इंदुमतीबाईंनी, हौसेने तीच साडी नेसून फोटो काढून घेतले. गुहागरला पोचेपर्यंत त्यांची मान आणि दंड लालबुंद झाले होते.

थंड पाण्याने गेलं असतं. पण इंदुमतीबाईंनी ते घालवलं नाही, धरून ठेवलं. चिपळूणचं एक मोठं स्थळ आधीपासून त्यांच्या मनात होतं, हे डोर्लेकरांना पुढे कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की साडी, नारळ आणि अंगठी मध्यस्थाच्या हाती परत आली आणि सोबत निरोप आला, “घरात कातडीचा रोग हाय, तो लपवून मुलगी गळ्यात बांधत होते.”

अक्षयाने विनीतला फोन केला.

“तू शेडमध्ये आलास. तुझं मनगट खाजलं. तुला ठाऊक हाय ना कशाने ते?”

“ठाऊक हाय गो.”

“मग सांग ना घरात.”

“आई ऐकत नाय.”

“मग लोकांत सांग. चार माणसांत सांग, की रोगबिग काय नाय.”

पलीकडून फोन बंद झाला, आणि त्यानंतर तो कधी लागला नाही. विनीतचं लग्न त्याच उन्हाळ्यात चिपळूणच्या मुलीशी झालं.

बातमी खाडीच्या दोन्ही काठांना पसरली. अक्षयाला पाहायला येणाऱ्या बायका तिच्या तोंडाकडे कमी आणि कोपरांकडे जास्त बघायच्या. चहाचा कप उचलायच्या आणि न पिता ठेवायच्या. पुढे येईनाशा झाल्या. अक्षयाने ते सोसलं असतं. तिला सोसलं नाही ते बाबांचं.

केरू लग्नकार्यांना जायचे बंद झाले. जावंच लागलं तर भर वैशाखात लांब बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. पंगतीत शेवटच्या पानावर बसायचे, आणि शेजारचं पान रिकामं राहील एवढी जागा स्वतःच सोडायचे. एका वास्तुशांतीला ते खुर्चीवरून उठले आणि मागे उभ्या असलेल्या बाईने बसण्याआधी ती खुर्ची पदराने पुसून घेतली. केरूंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अक्षयाने पाहिलं आणि न जेवताच बाबांना घेऊन ती निघाली. त्या दिवशी घरी येताना तिने मनाशी ठरवलं, की इंदुमतीबाईंना हे फेडायला लावायचं. कसं, ते तिला माहीत नव्हतं. पण घाईही नव्हती.

महिनाभरात तिने पतपेढी सोडली आणि फारुकचाचांच्या शेडमध्ये कामाला उभी राहिली. केरू कळवळले. “अगो, ज्याच्यापायी इतकं झालं, तिथंच कशाला जातंस?”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

फारुक मुकादम तरुणपणी दुबईला होते. तिथल्या धक्क्यांवर शेखांच्या पांढऱ्याशुभ्र बोटी घासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. परत आल्यावर केरूंना जोडीला घेऊन त्यांनी शेड टाकली. केरू बोटी बांधायचे, फारुकचाचा जुन्या बोटींना रंगरूप द्यायचे. त्यांनी अक्षयाला शिकवलं.

“बोट कोण खातो, सांग?” पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

“खारं पाणी.”

“नाय गो. ऊन खातं. जेलकोट ही बोटीची कातडी. उन्हाने ती मरते, वर खडूसारखी भुकटी धरते. लोक भुकटीवर रंग फासतात, आणि पुढच्या पावसात पोपडे वेचत बसतात. मेलेली कातडी आधी काढायची. पण जपून. केसाएवढा थर असतो, जास्त घासलीस तर खालची काच उघडी पडेल.”

ती शिकत गेली. आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ धुऊन काढायचं. मग वॉटर पेपरने घासायचं, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि प्रत्येक वेळी पाणी सोडत. मग रबिंगची पेस्ट लावून ती मशीनवरच्या लोकरीच्या पॅडने चोळायची. मशीन एका जागी थांबली की जेलकोट जळून पिवळा पडतो, म्हणून हात हलता हवा. शेवटी मेण. मेण म्हणजे छत्री, चाचा म्हणायचे, छत्री फाटली की परत तेच. घासताना अक्षयाच्या डोळ्यांपुढे कोण असायचं हे तिने कोणाला सांगितलं नाही. चाचांना मात्र दिसत होतं, की ही पोर बोटीच्या अंगावर हात चालवते तेव्हा तिचे दात आवळलेले असतात.

वर्षं गेली. केरूंचे गुडघे थकले, ते शेडमध्ये बाकड्यावर बसून नुसतं बघू लागले. हर्णै-मुरुडच्या डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, मालगुंडच्या होड्या, सगळ्या अक्षयाच्या हाताखालून जाऊ लागल्या.

आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या कडक उन्हात, भरतीबरोबर एक मोठी पांढरी बोट शेडच्या धक्क्याला लागली. पांढरी म्हणायची एवढंच. अंगावर राखेसारखी भुकटी, मध्येच कोणीतरी मारलेल्या ऑइल पेंटचे पोपडे. बाकांच्या कडा इतक्या झिजलेल्या की काचेचे धागे उघडे पडून केसांसारखे उभे राहिले होते. नाव दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत होतं, तेही खडूखाली गेलेलं. अक्षयाने ओल्या फडक्याने ते पुसलं.

‘इंदुमती’.

तिने मागे वळून पाहिलं. बोटीवरून विनीत असगोलकर उतरत होता. पोट सुटलेलं, केस विरळ, हसू तेच. फोनवर त्याचं बोलणं फारुकचाचांशी झालं होतं. शेड त्याच्या ओळखीची होती, पण बोटींना आता कोण हात लावतं ते चाचांनी सांगितलं नव्हतं. तिला बघून हसू तोंडावरच अडकलं.

“अक्षया? तू... तुम्ही इथे?”

“बोला. काय झालं बोटीला?”

त्याने मान खाली घालून सांगितलं. लॉज चांगला चालतो. पर्यटकांना फिरवायला ही बोट गोव्याहून जुनी घेतली. आता बसलेल्या लोकांच्या कपड्यांना पाठीमागे पांढरं लागतं. ते एक वेळ चालेल. पण...

“पण काय?”

“लोकांना खाज सुटते. बोटीत बसले की खाजवायला लागतात. मोबाईलवर वाटेल ते लिहितात. गुहागरात आमच्या बोटीला आता...” तो थांबला.

“काय म्हणतात?”

“खाजरी इंदुमती म्हणतात.”

बाकड्यावर बसलेल्या केरूंनी डोळे मिटून घेतले. फारुकचाचा दुसरीकडे बघू लागले. अक्षया मात्र हसली. कित्येक वर्षांत ती इतकं मनापासून हसली नव्हती.

“होईल काम,” ती म्हणाली. “पाणी मारल्यावर चमक येतेय, म्हणजे कातडी अजून शिल्लक हाय. पण माणसं माझ्याकडे नायत. घासायला तुमचा माणूस लागेल.”

“पाठवतो की. दोन पाठवतो.”

“दोन नको. एकच. तुम्ही.”

“मी?”

“तुम्हीच. सकाळच्या फेरीबोटीने यायचं, संध्याकाळच्या फेरीबोटीने जायचं. ज्या दिवशी तुमच्या जागी दुसरा कोण येईल, त्या दिवशी काम बंद.”

त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, “ती सांगेल तसं.” दिवाळीच्या सुट्टीसाठी लॉज भरलेला होता, आणि आधी आणलेल्या चिपळूणच्या रंगाऱ्याने पोपड्यांचा काय प्रताप करून ठेवला होता ते समोरच दिसत होतं. विनीत कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात आला. अक्षयाने त्याला नाकाला लावायला मास्क दिला. त्याच्या छातीशी तिचं वैर नव्हतं. मनगटांना टेप लावून बाह्या बंद करायच्या असतात, कामाआधी अंगाला पावडर चोपडायची असते, हे तिने सांगितलं नाही. तिने घासायचा सुका कागद त्याच्या हातात दिला आणि बाकांच्या झिजलेल्या कडांकडे बोट दाखवलं.

“उभे राहिलेले धागे सगळे घासून काढायचे. मग त्यावर नवा जेलकोट बसेल.”

दुपारपर्यंत तो मान खाजवत होता. संध्याकाळपर्यंत पाठ खांबाला घासत होता. जाताना त्याने काकुळतीने विचारलं, “याला काय उपाय नाय का?”

“घरी जाऊन आंघोळ करा,” अक्षया म्हणाली. गरम पाण्याने अंगाची भोकं उघडतात आणि काच आणखी आत जाते. हेही तिने सांगितलं नाही.

तो गेला आणि तिला इतकं बरं वाटलं की घरी जाऊन तिने भाताचं दुसरं वाढप घेतलं.

रोज तो येत गेला, रोज जास्त लाल होऊन. बायकोने त्याचं अंथरूण पडवीत काढलं. त्याचे कपडे घरातल्या मशीनमध्ये इतरांच्या कपड्यांबरोबर धुतले गेले आणि मग सगळं घर खाजवायला लागलं. मुलं, बायको, आणि इंदुमतीबाई. हे तो स्वतःच सांगायचा, घासता घासता, कोणाकडे न बघता. अक्षया कान देऊन ऐकायची. आईच्या मानेवर पण उठलंय, असं तो एकदा म्हणाला, तेव्हा तिच्या हातातलं फडकं थांबलं.

“कुठं? मानेवर?”

“मान आणि दंड.”

त्या दिवशी काम करताना तिने शीळ घातली, आणि केरूंनी बाकड्यावरून तिच्याकडे असं पाहिलं की ती थांबली.

केरूंना ते बघवेना. ती चहा आणायला गेली असताना त्यांनी विनीतला जवळ बोलावलं. “गरम पाणी घेऊ नको रे बाबा. गार पाण्याने धू, चोळू नको. मग चिकटपट्टी लावून ओढ, काच तिच्याबरोबर निघते. वाईच खोबरेल लाव. आणि कपडे वेगळे भिजव.”

अक्षयाने दारातून ते ऐकलं. संध्याकाळी ती वडिलांवर भडकली. “तुम्हाला काय गरज होती?”

“अगो, अंग सोलवटलंय त्याचं.”

“तुमचं आयुष्य सोलवटलं, तेव्हा कोण आलं होतं खोबरेल घेऊन?”

केरू म्हणाले, “तो येत होता ना शेडमध्ये. चांगला होता पोरगा.”

“तेच तर,” ती म्हणाली. “त्याला सगळं ठाऊक होतं.”

बाकांच्या कडांवर नवा जेलकोट बसला. वर प्लास्टिक ताणून अक्षयाने तो सुकवला, घासून सपाट केला. पर्यटकांशी तिचं भांडण नव्हतं, त्यामुळे बसायच्या जागा तिने सगळ्या नीट केल्या. मग बाहेरचं अंग घेतलं. उजवी बाजू पुरी झाली. विनीत वॉटर पेपर चालवायचा, ती मागून मशीन फिरवायची, आणि राखेखालून दुधासारखा पांढरा रंग वर यायचा. शेवटी मेण चढलं आणि ‘इंदुमती’ ही अक्षरं अशी उठून दिसली की फारुकचाचा स्वतः बघायला आले.

त्याच दुपारी रिक्षातून इंदुमतीबाई उतरल्या. मानेभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. बाकड्यावर कोण बसलंय तेही त्यांनी बघितलं नाही.

“कुठंय ती? माझ्या पोराला हमाल केलंन, माझं घर खाजेने भरलंन! मुद्दाम करतेस तू, मुद्दाम!”

“हो काकी,” अक्षया म्हणाली. “मुद्दामच.”

बाई क्षणभर अडखळल्या. नाकबुलीची त्यांनी तयारी केली होती, कबुलीची नव्हती.

“लाज नाय वाटत?”

“कसली? तुमच्या मानेला काय झालंय ते तुम्हाला माहीत हाय ना? रोग हाय का तो?”

“रोग कशाला असेल? ही तुमची मेली धूळ...”

त्या थांबल्या. मशीन बंद होती. विनीत हातात ओला कागद घेऊन उभा होता, त्यातून पाणी त्याच्या पायांवर गळत होतं.

“धूळ ना?” अक्षया पुढे आली. “तेव्हाही धूळच होती. धुतली की जात होती. तुम्ही काय सांगितलंत लोकांना?” तिने बाकड्याकडे हात केला. “ते बघा बाबा बसलेत. त्यांच्या शेजारी पंगतीत माणूस बसत नाय. त्यांनी खुर्ची सोडली की लोक पुसून घेतात. ज्या लोकांत सांगितलंत, त्याच लोकांत परत सांगा, की खोटं होतं. मग दुसरी बाजू करते.”

“मी? लोकांत? तुझ्यासारखीच्या सांगण्यावरून?”

“मग घेऊन जा बोट.”

“पैसे काय ते...”

“ते चाचांना द्या, जेवढं काम झालं तेवढे. काम इथं थांबलं.”

इंदुमतीबाई तणतणत रिक्षात बसल्या. विनीत तिथेच उभा राहिला. “अक्षया, दिवाळी तोंडावर आलीय गो.”

“तेव्हा फोन ठेवलास ना,” ती म्हणाली, “तसं आता मला हे काम ठेवू दे.”

आणि दिवाळीत गुहागरच्या किनाऱ्याला अशी बोट आली की लोक वाळूत उभे राहून बघू लागले. एक बाजू शंखासारखी चकचकीत. दुसरी बाजू राखेची. जाताना सुंदर इंदुमती, येताना भुतासारखी. पर्यटक हसायचे आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडून मोबाईलवर टाकायचे. गावातली माणसं हसायची नाहीत, ती विचारायची. “अर्धीच का केलीन?” खलाशांना कारण माहीत होतं. आधी त्यांनी सांगितलं नाही. मग सांगितलं. डोर्लेकरांच्या मुलीने म्हातारीला काय विचारलं, म्हातारी काय बोलून गेली, धूळ हा शब्द तिच्याच तोंडून कसा निघाला, सगळं गुहागरच्या बाजारात पोचलं आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून परत आलं. इंदुमतीबाईंनी बोट चकचकीत बाजू किनाऱ्याकडे करून बांधायला लावली, पण ओहोटी-भरती बोट कुठल्या अंगाला वळवायची ते त्यांना विचारत नव्हती.

असगोलकरांनी चिपळूणहून पुन्हा रंगारी आणला. त्याने उजवी बाजू पाहिली, डावी पाहिली, आणि म्हणाला, “ज्याने ही केली त्याच्याकडेच जा. मी हात लावला तर दोन बोटी जोडल्यासारखी दिसेल.”

नाताळ गेला, शिमगा गेला. विनीतचे फोन फारुकचाचांना यायचे. अक्षया घ्यायची नाही. चाचा एकदा म्हणाले, “पोरी, झालं आता. सगळ्यांना कळलं.”

“कानात कळलं,” ती म्हणाली. “बाबांबद्दल वाईट बोलले ते काय कानात बोलले होते?”

वैशाखात गुहागरजवळच्या असगोलीला विनीतच्या चुलतभावाचं लग्न होतं. आमंत्रण द्यायला विनीत स्वतः आला, तेही अक्षयाच्या नावाने नव्हे, केरूंच्या. पत्रिका त्यांच्या हातात देऊन तो वाकला. “काका, या. एवढं माझं ऐका.” केरू नको नको म्हणत होते. अक्षयाने त्यांना अर्ध्या बाह्यांचा सदरा घालायला लावला आणि हाताला धरून फेरीबोटीत बसवलं.

मांडव भरलेला होता. अक्षता पडल्या, आहेराची नावं माईकवर पुकारली जात होती. विनीतने पुकारणाऱ्याच्या हातून माईक घेतला. लोकांना वाटलं, एखादं नाव राहिलं असेल.

“जयगडच्या केरूकाकांच्या मुलीशी माझा साखरपुडा झाला होता, तो मोडला,” तो म्हणाला. आवाज फाटत होता. “त्यांच्या घरात रोग हाय असं आमच्या घरातून सांगितलं गेलं. ते खोटं होतं. ती फायबरची धूळ होती. मला तेव्हाच माहीत होतं. मी बोललो नाय.”

बस, एवढंच. त्याने माईक परत दिला. कोणाला काय करावं कळेना. स्पीकरवरची सनई चालूच होती. पुढच्या रांगेत इंदुमतीबाई बसल्या होत्या. शेजारची म्हातारी, त्यांची सख्खी नणंद, त्यांच्याकडे पूर्ण वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “म्हणजे वहिनी, तुला ठाऊक होतं?”

इंदुमतीबाईंनी पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला.

अक्षया मांडवाच्या खांबाशी उभी राहून हे बघत होती. तिने नजर काढली नाही. त्या बाईची मान खाली जात होती, आणि अक्षयाला ते पोटभर बघायचं होतं. कीव येईल अशी भीती तिला वाटली होती. ती आली नाही.

जेवायच्या वेळी गर्दीतल्या दोन-तीन पुरुषांनी केरूंना मध्ये बसवून घेतलं. कोणीतरी त्यांच्या पानात जास्तीचा लाडू टाकला. केरू फार जेवले नाहीत. परत येताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून ते म्हणाले, “त्या पोराला किती जड गेलं असेल गो.”

“जावं की.”

“झालं तुझं समाधान?”

तिने विचार केला. “झालं.”

“मग बोट पुरी कर त्याची. पाऊस यायच्या आत.”

तिने ती पुरी केली. विनीतच घासायला आला. केरूंनी बाकड्यावरून उठून त्याच्या मनगटांना स्वतः टेप गुंडाळली, आणि अक्षयाने त्यात तोंड घातलं नाही. डावी बाजू उजवीसारखी झाली. मेणाचे दोन हात चढले. जाताना तिने त्याला बजावलं, की रोज गोडं पाणी मारायचं, उभी असेल तेव्हा माडाच्या झापांच्या सावलीत ठेवायची, आणि दर पावसाळ्यानंतर मेण करायला आणायची. तो दर वर्षी आणतो. दोघं कामापुरतं बोलतात. तिने त्याला माफ केलं की नाही हे तिला विचारलं तर ती सांगते, “तो बोलला तरी.”

इंदुमतीबाईंशी मात्र तिचं अजून मिटलेलं नाही. कामाच्या निमित्ताने ती आता बऱ्याचदा गुहागरला असते. बाजारात, देवळापाशी, एस.टी. स्टँडवर गाठ पडली की बाई नजर वळवतात, रस्ता बदलतात. अक्षया रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाते आणि खणखणीत आवाजात विचारते, “काय काकी, बऱ्या आहात ना?” आजूबाजूची माणसं थांबून बघतात. बाई काही न बोलता पुढे जातात.

फारुकचाचा परवा तिच्याबरोबर होते. त्यांना ते बरं वाटलं नाही. “किती दिवस करणार गो हे?” ते म्हणाले.

“त्या उत्तर देईपर्यंत,” अक्षया म्हणाली आणि मेणाचे डबे घ्यायला दुकानात शिरली.